पडण्याची वेळ, पडण्याची जागा

पुण्याच्या एका उपनगरातील वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात मी परिचारिका प्रमुख म्हणून काम करते. स्वतःच्या पायांनी फिरणारे, काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे, स्मृतिभ्रंश झालेले आणि अंथरुणाला खिळलेले असे सर्व प्रकारचे ज्येष्ठ आमच्याकडे राहतात. मी रुजू झाले तेव्हा कोणी पडले की त्याची नोंद एका वहीत होत असे. त्या नोंदीत नाव, तारीख, दुखापत आणि शेवटी ‘तोल जाऊन पडल्या’ किंवा ‘पाय घसरून पडले’ एवढे एक वाक्य असे. जुन्या वह्या वाचत गेले तेव्हा जाणवले की त्या वाक्यांच्या आधारे पुढचे पडणे टाळण्यासाठी काहीच करता येणार नाही. पडताना तोल हा जातोच. तो कोठे गेला, किती वाजता गेला आणि त्याआधी ती व्यक्ती कशासाठी उठली होती, हे वहीत कोठेच नव्हते. वाढत्या वयात माणूस पडायचाच, ही समजूत त्या वाक्यांमागे होती आणि ती कर्मचाऱ्यांची, नातेवाइकांची आणि खुद्द ज्येष्ठांचीही होती. पडण्याला वेळ असते, जागा असते आणि कारण असते, आणि ते बहुतेक वेळा सापडते, अशी माझी या कामातून खात्री झाली आहे. ती कशी झाली, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नोंद करण्याची पद्धत बदलली. कोणीही पडले, दुखापत झालेली असो वा नसो, की उपचार आटोपल्यावर त्याच पाळीत, पडलेल्या जागीच उभे राहून पाच-दहा मिनिटे बोलायचे असे ठरवले. ड्यूटीवरची सिस्टर, त्या खोलीची मावशी किंवा मामा आणि शक्य असेल तर स्वतः ते ज्येष्ठ, एवढेच लोक या बोलण्यात असतात. पायांत काय होते, फरशी ओली होती का, दिवा लागलेला होता का, चष्मा कोठे होता, शेवटचे जेवण आणि शेवटची गोळी केव्हा झाली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘तुम्ही कुठे निघाला होतात?’ हा प्रश्न. हे सगळे त्याच वेळी विचारले तर मिळते. दुसऱ्या दिवशी विचारले तर पुन्हा ‘तोल गेला’ एवढेच उत्तर येते.

परंतु ही पद्धत रुळायला एक अडचण होती. ज्येष्ठ पडले की ज्या मावशीच्या पाळीत ते घडले तिला बोलणी बसत आणि कधी पगारही कापला जाई. त्यामुळे जखम नसेल तर मावशी गुपचूप उठवून बसवत आणि आजीही ‘हिचं नाव नको घेऊस’ म्हणून गप्प राहत. पडल्याची माहिती देणाऱ्याला कोणतीही शिक्षा होणार नाही, असे व्यवस्थापनाकडून लेखी घेतल्यावरच खऱ्या नोंदी येऊ लागल्या. साहजिकच पुढच्या काही महिन्यांत वहीतला आकडा वाढला, आणि एका विश्वस्तांनी काळजीने विचारले की सुधारणेचे काम चालू असताना पडणे वाढले कसे. पूर्वी जे झाकले जात होते ते आता कागदावर येत आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागले. शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या साधारण निम्म्या ज्येष्ठांना वर्षातून एकदा तरी पडण्याचा प्रसंग येतो, असे पाश्चात्त्य देशांतील अनुभव सांगतो. त्यामुळे एखादे केंद्र ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही’ असे सांगते, तेव्हा मला तेथील नोंदवहीची चिंता वाटते.

प्रत्येक मजल्याचा नकाशा काढून सिस्टरांच्या खोलीत लावला आणि जेथे कोणी पडले तेथे ठिपका द्यायचा, ठिपक्याशेजारी वेळ लिहायची असे सुरू केले. ठिपके मुख्यतः पलंग आणि संडास-बाथरूम यांच्यामधल्या चार-सहा पावलांत जमत गेले. वेळाही ठरावीक निघाल्या. पहाटे चार ते सहा हा एक काळ आणि दुपारच्या जेवणानंतरचा तासाभराचा काळ हा दुसरा. जिन्यावर आम्ही सर्वाधिक लक्ष ठेवत होतो. तेथे जवळजवळ कोणीच पडत नव्हते, कारण जिना उतरताना प्रत्येक जण सावध असतो आणि सोबत कोणीतरी असतेच.

पहाटेच्या पडण्याचा उलगडा व्हायला सर्वाधिक काळ लागला, कारण तेथे तीन-चार कारणे एकमेकांत गुंतलेली होती. पहिले कारण आम्हाला एका आजींनी सांगितले. रात्रीची घंटा त्यांच्या उशाशीच होती, ती वाजतही होती, तरी त्या न वाजवता एकट्या उठल्या आणि बाथरूमच्या दाराशी पडल्या. घंटा का वाजवली नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, ती दिवसभर राबते बिचारी. जरा डोळा लागला होता तिचा. लघवीसाठी काय उठवायचं तिला!” आमच्या ज्येष्ठांच्या, विशेषतः बायकांच्या, पडण्यामागे या संकोचाचा वाटा फार मोठा आहे. आयुष्यभर इतरांसाठी उठलेल्या बाईला स्वतःसाठी दुसऱ्याला उठवणे जमत नाही. काही आजींना मामांना हाक मारण्याची लाज वाटते, काही आजोबांना मावशींकडून मदत घ्यायची लाज वाटते. त्यांना घंटा वाजवण्याबद्दल कितीही समजावले तरी फरक पडत नाही, हे दिसल्यावर आम्ही घंटेची वाट पाहणेच सोडले. रात्री झोपण्यापूर्वी, मध्यरात्री आणि पहाटे चारच्या सुमारास मावशी स्वतः जाऊन हळूच विचारते, “आजी, मी इथेच आहे, जाऊन येऊ या का?” ज्यांना गाढ झोप लागलेली असेल त्यांना उठवत नाही. ज्यांची वेळ ठरलेली आहे त्यांच्याकडे त्या वेळेच्या आधी जायचे, एवढे एक सूत्र पाळल्याने पहाटेच्या ठिपक्यांमध्ये इतर कोणत्याही उपायापेक्षा जास्त फरक पडला.

दुसरे कारण रक्तदाबाचे. आमच्याकडे सर्वांचा रक्तदाब रोज मोजला जात होता, पण तो बसलेल्या अवस्थेत. फिजिओथेरपिस्टच्या आग्रहाने आम्ही तो आधी पाच मिनिटे आडवे ठेवून आणि मग उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजू लागलो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्या व्यक्तीला उठताना चक्कर येण्याचा धोका आहे असे मानतात. ज्यांचा बसलेला रक्तदाब पाहून आम्ही निश्चिंत होतो, त्यांतील काही जणांचा रक्तदाब उभे राहताच झर्रकन उतरत होता. त्यांना पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसायचे, घोट्यातून पाय वरखाली हलवायचे, मग आधार धरून उभे राहायचे आणि उभे राहून थोडे थांबून पहिले पाऊल टाकायचे, अशी सवय लावली. दुपारच्या पडण्याचाही याच्याशी संबंध होता. भरपेट जेवणानंतर काही ज्येष्ठांचा रक्तदाब खाली येतो आणि नेमके त्याच वेळी सगळे जण ताटावरून उठून हात धुवायला जात असत. आता हात धुण्याचे भांडे टेबलापाशी येते आणि जेवणानंतर काही काळ गप्पा मारत बसूनच राहायचे, अशी पद्धत आहे.

तिसरे कारण औषधांचे. येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण घरोघरी याच गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ज्येष्ठ आमच्याकडे येतात तेव्हा बरोबर गोळ्यांची मोठी पिशवी असते. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या, किडनीच्या डॉक्टरांनी दिलेल्या, आणि कधीकाळी झोप येत नाही म्हणून सुरू झालेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम वर्षानुवर्षे चालूच राहिलेली. झोपेच्या या गोळ्यांची गुंगी म्हाताऱ्या शरीरात पहाटेपर्यंत टिकते. त्यात लघवी जास्त होण्याची गोळी संध्याकाळी दिलेली असली की माणूस गुंगीतच रात्री दोन-तीनदा उठतो. प्रोस्टेटच्या त्रासासाठी मिळणारे टॅमसुलोसिनही उभे राहताना रक्तदाब खाली आणू शकते. ज्येष्ठांना कोणती औषधे शक्यतो देऊ नयेत याची मार्क बिअर्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रथम तयार केलेली यादी शुश्रूषा केंद्रांतील वृद्धांसाठीच होती आणि ती सुधारित स्वरूपात आजही वापरली जाते. आमच्या भेटीला येणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसून आम्ही प्रत्येकाच्या गोळ्यांचा आढावा घेतला. लघवीची गोळी सकाळी आणली, एकाच कामाच्या दोन गोळ्या असतील तर एक बंद झाली, आणि झोपेच्या गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवड्या-आठवड्यांनी उतरवत नेले. या गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे असते, म्हणून हे वाचून कोणीही घरी परस्पर तसे करू नये, ही कळकळीची विनंती आहे. झोपेची गोळी कमी झाल्यावर पहिले काही दिवस तक्रारी आल्या; दुपारची झोप कमी करून संध्याकाळी चालण्यावर भर दिल्यावर त्या बऱ्याच निवळल्या.

इमारतीतले बदल तुलनेने सोपे होते, फक्त त्यांना पैसे लागले. विश्वस्तांपुढे मागणी मांडताना मी जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी ठेवली: जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि सर्वाधिक मृत्यू साठीपुढच्या लोकांचे असतात. खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांपैकी पाचांत एक किंवा त्याहूनही अधिक जण वर्षभरात जातात, हेही सांगितले. पैसे मंजूर झाले. बाथरूमचे उंबरे काढून उतार केला, कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे आधारदांडे लावले आणि पांढऱ्या टाइल्समध्ये पांढरा कमोड अधू नजरेला दिसत नाही म्हणून गडद निळ्या सीट बसवल्या. टॉवेल अडकवण्याच्या दांड्या मात्र काढून टाकल्या. घसरणारा माणूस हाताला येईल ते धरतो, आणि ती दांडी त्याचे वजन पेलण्यासाठी नसते. पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत मंद दिवे लावले आणि वीज गेली तरी ते चालू राहावेत म्हणून इन्व्हर्टरवर घेतले.

पायांतल्या चपलांचा प्रश्न मात्र अजूनही पुरता सुटलेला नाही. सैल रबरी स्लिपर हे आपल्याकडचे घरातले नेहमीचे पादत्राण, आणि पडण्याच्या नोंदींत ते वारंवार येते. मागे पट्टा असलेली, खरबरीत तळाची चप्पल आम्ही सुचवतो, पण देवघरात जाताना ती काढावीच लागते आणि परत घालताना वाकावे लागते. म्हणून देवघराच्या दाराशी हाताच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. गाऊनच्या आणि परकराच्या काठाची उंची घोट्याच्या वर ठेवणे हा असाच एक छोटा आणि फार उपयोगी उपाय.

जागेवरच बोलण्याची पद्धत किती मोलाची आहे, हे मला एका प्रसंगाने पटले. एक आजी सकाळी आंघोळीनंतर बाथरूमच्या बाहेर, अगदी कोरड्या फरशीवर पडल्या. चप्पल चांगली होती, रक्तदाब ठीक होता, उजेड भरपूर होता. आम्ही सगळे उभे राहून विचार करत असताना त्यांच्या मावशीने खाली बसून फरशी तिरक्या नजरेने पाहिली आणि म्हणाली, “ताई, हे बघा.” गुळगुळीत टाइल्सवर पांढुरकी झाक होती आणि तीत चपलेच्या तळव्याचा एक लांब, ओढला गेलेला पट्टा स्पष्ट उमटलेला होता. आंघोळीनंतर अंगाला लावायची घामोळ्यांची पावडर रोज तेथेच सांडत होती आणि ती ओल्या फरशीइतकीच घसरडी असते. त्या दिवसापासून पावडर पलंगावर बसून लावायची आणि खाली पसरलेला कपडा लगेच उचलायचा, असा नियम सर्व खोल्यांत झाला. त्याच अनुभवावरून दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची व्यवस्था बदलली. तेल आता खोलीत खुर्चीवर बसवून लावतो, तळपायांना लावत नाही, आणि प्रत्येक आंघोळीनंतर बाथरूमची फरशी साबणाने घासूनच पुढच्या व्यक्तीला आत नेतो. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाच्या दिवशी मधुमेह असलेल्यांच्या औषधांची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना आधी विचारून ठरवतो, पाणी वेळोवेळी देतो, आणि त्या दिवशी त्यांच्या चालण्याकडे अधिक लक्ष ठेवतो.

या सगळ्यांत नातेवाइकांशी बोलणे हा सर्वांत नाजूक भाग आहे. स्मृतिभ्रंश असलेले एक आजोबा रोज पहाटे साडेचारला उठून चालू लागत आणि दोनदा पडले. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितले, “सिस्टर, कठडे लावा, वेळ पडली तर बांधून ठेवा, पण बाबा पडता कामा नयेत.” त्यांची काळजी खरी होती आणि मी त्यांना दोष देत नाही. परंतु बांधून ठेवलेल्या माणसाच्या पायांतली ताकद झपाट्याने जाते, अंगाला जखमा होतात, बेचैनी वाढते, आणि कठडा लावला तर गोंधळलेला माणूस त्यावरून चढून अधिक उंचीवरून पडतो. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषा केंद्रांतल्या रहिवाशांना अशा बंधनांपासून मुक्त राहण्याचा हक्क दिला, आणि बंधने सोडल्याने गंभीर दुखापती वाढतात असे तेथील अभ्यासांत आढळले नाही. मी मुलाला एवढेच विचारले की वडील पूर्वी पहाटे उठून काय करत असत. त्यांनी वर्षानुवर्षे दूध केंद्र चालवले होते. साडेचारला गाडी येई, पिशव्या मोजून घ्याव्या लागत. आम्ही त्यांच्या लोखंडी पलंगाचे पाय वेल्डरकडून कापून घेतले, म्हणजे बसल्यावर त्यांचे पाऊल पूर्ण टेकू लागले. साडेचारच्या आधी मामा त्यांच्याजवळ जाऊन बसू लागले, चहा झाला की दोघे मिळून स्वयंपाकघराच्या दाराशी जातात आणि आमच्याकडे आलेल्या दुधाच्या पिशव्या आजोबा मोजतात. मोजणी रोज बरोबर येतेच असे नाही, पण त्यानंतर ते शांतपणे नाश्त्यापर्यंत बसतात. मुलाने पुढच्या भेटीत हे स्वतः पहाटे येऊन पाहिले आणि बांधण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पडू नये म्हणून माणसाला बसवून ठेवणे हा प्रकार बांधण्याइतका उघड नसतो, म्हणून अधिक पसरलेला असतो. एकदा पडलेला ज्येष्ठ भीतीने चालणे कमी करतो, आजूबाजूचे ‘बसा, बसा’ म्हणत राहतात, आणि काही आठवड्यांत त्याला खरोखरच चालता येईनासे होते. आमची फिजिओथेरपिस्ट प्रत्येकाची ठरावीक काळाने चालण्याची चाचणी घेते. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर तोल आणि ताकदीवर काम करण्याची गरज आहे असे समजायचे. रोज सकाळी व्हरांड्यातल्या कठड्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे असे व्यायाम होतात; त्यांतील बरेचसे न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या कार्यक्रमातले आहेत. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये अशा व्यायामाने पडणे कमी होते याचा पुरावा भक्कम आहे, शुश्रूषा केंद्रांच्या बाबतीत तो तितका ठाम नाही. तिथे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पूरक मात्रेने पडण्याचे प्रमाण कमी होण्याची शक्यता अधिक दिसते. आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन्ही करतो, कारण खुर्चीतून आपले आपण उठता येणे ही गोष्टच इतकी मोठी आहे की केवळ तिच्यासाठीही हा व्यायाम करावा.

एवढे करूनही आमच्याकडे ज्येष्ठ पडतात. म्हणून पडल्यावर काय करायचे याची उजळणी सर्व पाळ्यांमध्ये होते. धावत जाऊन काखेत हात घालून उचलायचे नाही. आधी जवळ बसायचे, बोलायचे, डोके, मान, मनगट आणि खुबा पाहायचा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हलवायचे नाही, रुग्णवाहिका बोलवायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात पाठवायचेच.

सध्या आमचे लक्ष नव्याने दाखल होणाऱ्यांवर आणि रुग्णालयातून परतणाऱ्यांवर आहे, कारण पहिल्या काही आठवड्यांत धोका सर्वाधिक असतो. प्रवेशाच्या अर्जात आम्ही आता काही प्रश्न जोडले आहेत: घरी पलंगाच्या कोणत्या बाजूने उठत असत, रात्री किती वाजता आणि कितीदा उठत असत, बाथरूम पलंगाच्या डावीकडे होती की उजवीकडे, गेल्या वर्षभरात कधी पडले होते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असे येते. प्रवेशाला हरकत होईल, अशी त्यामागे भीती असते. म्हणून तो प्रश्न मी कागदावर न सोडता समोर बसून, प्रवेश पक्का झाल्यावर, ज्येष्ठांना स्वतःला विचारते. पलंग मात्र ते येण्याआधीच घरच्याच बाजूने उतरता येईल असा वळवून ठेवलेला असतो.